बेलाच्या पानाला लागलेल्या मुंग्या

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं चार वर्षं काळी होती. हळदीकुंकवाला गेले की बायका अत्तर लावायला हात पुढे ओढायच्या आणि बोटं दिसली की हळूच सोडून द्यायच्या. एकीने धीर करून विचारलंच, "तुम्ही केसांना कलप हातानेच लावता का हो?" मी मान ताठ करून म्हणाले, "हे सिल्व्हर नायट्रेट आहे. मी संशोधन करते." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "लिंबू चोळून बघा."

लिंबाने हे डाग जात नाहीत. हातमोजे घातले तर मुळात पडतच नाहीत. प्रयोगशाळेत मोज्यांची पेटी होती, पण मला तो डाग गावभर मिरवायचा होता. हे मी आज कबूल करते. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर "मोज्यांनी पकड सुटते" असं काहीतरी भारदस्त सांगितलं असतं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली सत्तावीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पिपेटच्या काचनळीतून द्रव तोंडाने ओढू नका, असं मी सांगायचे आणि मुलं ओढायची, एवढंच. सांगायची आहेत ती मधली चार. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला पीएच.डी.ची हुक्की आली. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं. माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेली एक मुलगी 'डॉक्टर' झाली आणि दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममधला चहाचा पहिला कप तिच्यापुढे जायला लागला. मला दुसरा. तोही कान तुटलेला.

आमच्या ह्यांनी उत्साहाने नोंदणीच्याच आठवड्यात दारावरची पाटी रंगवून आणली. आधी 'डॉ.', मग माझं नाव. "पदवी मिळाल्याशिवाय लावायची नाही," मी बजावलं. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली. महिन्यातून एकदा मी स्टुलावर चढून ती बघून यायचे.

विषय होता वनस्पतींपासून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवण्याचा. ऐकायला अवघड, करायला चहाइतकं सोपं. पानं पाण्यात उकळायची, गाळायची. तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात घालायचा. ते पाणी दिसायला साधंच, पण त्यात चांदी विरघळलेली असते. पानातली काही द्रव्यं तिला पुन्हा धातूच्या रूपात आणतात, आणि इतक्या बारीक कणांत, की माणसाच्या केसाच्या जाडीत दोनएक हजार कण शेजारी शेजारी मावतील. मौज अशी, की इतकी बारीक झाल्यावर चांदी पांढरी दिसत नाही. पाणी आधी पिवळं होतं, मग तपकिरी. कोऱ्या चहासारखं. रंग आला की समजायचं, चांदी आली.

हे कण जंतू मारतात. म्हणून जखमेचं मलम, पट्टी, असलं काही त्यांतून निघेल अशी आशा असते. जगभर कित्येकजण हेच करत होते, कुणी तुळशीचं, कुणी कडुनिंबाचं. उरलेलं झाड शोधणं हाच खरा शोध होता. माझे मार्गदर्शक सर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे, आणि दोघंही एकमेकांना बिचकून असायचो. सर म्हणाले, "मॅडम, नाशिकला निर्माल्याला काय तोटा? देवळातल्या टाकाऊ पानांतून औषध! परीक्षकांना असलं फार आवडतं."

अशी मी पंचवटीतल्या एका लहानशा शंकराच्या देवळात जाऊन पोचले. तिथले पुजारी नाना, वय साठीच्या पुढे, आवाज खणखणीत. मी कारण सांगताच म्हणाले, "बाई, देवाचं पान आहे. गुण असणारच. तुमच्या यंत्राला आत्ता कळतंय, इतकंच." रोज सकाळी ते वाहिलेली बेलाची पानं केळीच्या पानात बांधून ठेवायचे, मी कॉलेजला जाताना स्कूटरवरून घेऊन जायचे. शिवाचं निर्माल्य घरात न्यायचं नाही, अशी सासूबाईंची ताकीद होती. मी म्हणाले, "मी विज्ञानाची माणूस आहे." आणि घरात नेलं नाही.

आता माझी खरी करामत सांगते. अशा कामात पहिलीच पायरी असते, पानं तीनदा स्वच्छ धुवा. मी पहिल्या दिवशी पानं घेऊन बेसिनपाशी गेले आणि हात अडखळला. हे धुतलेलं पाणी जाणार कुठे? गटारात. देवाच्या अंगावरून उतरलेलं गटारात? छे! बाई नास्तिक होत्या, पण इतक्याही नाही. मी पानं, चिकट लागली तरी, न धुता मऊ फडक्याने हलकेच टिपली आणि सावलीत वाळत घातली. वहीत मात्र लिहिलं, "पाने स्वच्छ करून घेतली."

आमचे प्रयोगशाळा परिचर सलीमभाई. जुन्या नाशकातले, माझ्याआधी दोन वर्षं लागलेले. पानांची पुडी ठेवलेल्या टेबलापाशी ते स्वतःहून चपला काढायचे. आठवडाभरात ते माझ्यापाशी आले.

"मॅडम, एक विचारू? बेलाच्या पानाला कधी मुंग्या लागतात का?"

"का हो?"

"लागल्यात ना. लाईन लागलीये खिडकीपासून. आमच्या दारात बेल आहे, त्याच्या पानाकडे मुंगी बघत पण नाही."

मी चष्मा वर सरकवला. "सलीमभाई, पानांमध्ये नैसर्गिक शर्करायुक्त संयुगं असतात. वाळताना ती पृष्ठभागावर येतात."

"अच्छा," ते म्हणाले, आणि टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून गेले.

निकाल काय विचारता! इतरांना तासन्‌तास लागतात, माझा रंग वीस मिनिटांत. काचेच्या बशीत जेलीसारख्या थरावर जंतू वाढवायचे आणि मधोमध आपला थेंब टाकायचा, अशी आमची परीक्षा असते. औषध लागू पडलं तर थेंबाभोवती जंतूंविना स्वच्छ वर्तुळ राहतं. माझी वर्तुळं अशी टपोरी, की शेजारच्या विभागातली माणसं बघायला यायची. सोमवारची पानं शनिवारच्या पानांपेक्षा दुप्पट ताकदीची निघायची. श्रावणात तर रंग काळ्या मसाल्यासारखा. मी वारानुसार आलेख काढला आणि खाली लिहिलं, "ऋतुमान व आर्द्रतेचा परिणाम." आर्द्रता फक्त सोमवारी कशी वाढते, हे मला विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. मीही मला विचारलं नाही.

बातमी पसरली. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार थेट लॅबमध्ये आले. "मॅडम, चांदीचं पानी केलंय म्हनं तुम्ही. द्राक्षाच्या डावणी रोगावर चालंल का? लय तरास हाय औंदा." मी महिनाभराची सगळी कमाई असलेली अत्तराच्या कुपीएवढी बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. "येवढं तर नोझलातच अडकून ऱ्हाईल की!" घोटीची एक बाई तर एक पैंजण घेऊन आली. "याचं औषध करा. दुसरं पायातच राहू द्या, कमी पडलं तर आणते." मी हसले, तिला परत पाठवलं, आणि दिवसभर हवेत चालले. लोक औषध मागायला आपल्या दारी येतात! चहाचा पहिला कपही आता माझ्याकडे येत होता.

या हवेतच मी ते केलं, ज्याची मला अजून लाज वाटते.

नानांना साखरेचा आजार होता. गाभाऱ्यात दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी, त्यात उजव्या पायाच्या करंगळीला जखम झालेली. डॉक्टर म्हणत होते, लवकर दाखल व्हा, नाहीतर बोट काढावं लागेल. मी नानांना कॉलेजात नेऊन ती बशी दाखवली. "बघा नाना, हे सगळे जंतू. आणि ही तुमच्या बेलाची जागा. एक शिरला नाही आत."

नाना हात जोडून उभे राहिले. "मग मलम कधी?"

"दोन महिन्यांत," मी म्हणाले. कशाच्या जोरावर? काही नाही. जिभेला हाड नसतं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात पुडी देताना नाना म्हणाले, "डॉक्टरांना सांगून आलो, बाईंचं मलम येईस्तोवर सुरी लावायची नाही." हे ऐकून त्या पन्नाशीला आलेल्या शहाण्या बाईंनी काय करावं? पुजाऱ्याला रिक्षात घालून इस्पितळात न्यावं ना? बाईंना भरून आलं. केवढा हा विश्वास! स्कूटर सुरू करताना डोळे पुसले, आणि कॉलेजात येऊन पुढचा आलेख काढला.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. प्रबंध देण्याआधी एक लहानशी पूर्तता करा. झाडावरची ताजी पानं घ्या, वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ती बेलाचीच असल्याचं लिहून आणा, आणि प्रयोग पुन्हा करून दाखवा. डाव्या हाताचा मळ, असं मी म्हणाले. सलीमभाईंच्या दारातल्या झाडाची पानं आणली. ही देवाची नव्हती, तेव्हा तीनदा खसाखसा धुतली. उकळली, गाळली, मिसळली. वीस मिनिटं झाली. तास झाला. दुसऱ्या दिवशी कुठे फिकट पिवळी झाक आली. बशीतलं वर्तुळ टिकलीएवढं.

सहा वेळा केलं. सहाही वेळा टिकली.

सर सहाही बशा पुढ्यात ओढत म्हणाले, "मॅडम, देवळातल्या पानांत आणि या पानांत फरक काय?"

आम्हा दोघांच्या मनात एकच आलं होतं आणि ते बोलायची दोघांनाही चोरी. शेवटी मी म्हणाले, "तिथे मंत्र म्हणतात."

सरांनी उठून दार लावलं. "लेखी कुठेही येता कामा नये," ते म्हणाले.

तर अशी दोन पीएच.डी.वाल्यांची, म्हणजे एक झालेले आणि एक होऊ घातलेल्या, वैज्ञानिक तयारी सुरू झाली. चंबू क्रमांक सात, मंत्रासह. चंबू क्रमांक आठ, मंत्राविना, शेजारच्या खोलीत, म्हणजे ऐकू जायला नको. नानांना बोलावलं. ते लंगडत, कठड्याला धरून दोन जिने चढले. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर पंचा अंथरून बसले आणि ताज्या पानांच्या अर्कापुढे अख्खा रुद्र खणखणीत म्हटला. सलीमभाई स्टॉपवॉच घेऊन उभे. "मॅडम, पहिल्या अक्षरापासून टाईम धरू की ओमपासून?" "ओमपासून," सर गंभीरपणे म्हणाले.

चंबू सात: फिकट. चंबू आठ: फिकट.

नाना चिडले. "अहो, नुसत्या पानापुढे मंत्र म्हणून काय होणार? अभिषेक कुठे केलात?"

"कसला अभिषेक?"

"बाई, इतके महिने पानं नेताय आणि हे माहीत नाही? पंचामृताचा! दूध, दही, तूप, मध, साखर. पिंडीवर आधी बेल, वरून पंचामृत. पान न्हाऊन निघतं. सोमवारी तर विचारूच नका, आणि श्रावणात पान कुठलं, पंचामृत कुठलं, कळत नाही."

सोमवार. श्रावण. माझे आलेख एकेक करून डोळ्यांपुढून गेले. सलीमभाईंनी फक्त दोन बोटं टेबलावर मुंगी चालवल्यासारखी चालवत माझ्यापर्यंत आणली.

मधातली साखर सिल्व्हर नायट्रेटमधून चांदी बाहेर काढते. साखरेने परीक्षानळीत चांदीचा आरसा करून दाखवायचा प्रयोग मी बारावीच्या मुलांना दर वर्षी शिकवत होते. दर वर्षी! शहानिशा म्हणून चमचाभर पंचामृत पाण्यात कालवून गाळलं आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातलं. पान एकही नाही. वीस मिनिटांत श्रावणी सोमवारचा रंग हजर.

सर हळूच म्हणाले, "पंचामृत लिहायचं कशाला? 'बेलाच्या पानांचा अर्क' म्हणू. पानं तर होतीच."

मी "हो" म्हणणार होते. खोटं कशाला सांगू? माळ्यावरची पाटी दिसत होती मला. तेवढ्यात नाना टाळी वाजवून उठले. "म्हणजे मलम माझ्या गाभाऱ्यातच होतं की! बाई, तुमचं चांदीचं पाणी तेवढं द्या. आजच पंचामृतात कालवून बांधतो पायाला."

सलीमभाईंनी मला दाराबाहेर बोलावलं. "मॅडम, वास येतोय. पायाचा. आमच्या अब्बांना असंच होतं, आधी बोट होतं, मग गुडघ्यापासून पाय गेला. यांना बाटली देऊ नका. हात जोडतो."

मी आत गेले. तोवर मी तो वास औषधांच्या वासात धरला होता. नानांपुढे दुसऱ्या स्टुलावर बसले. "नाना, माझ्याकडे मलम नाही. नव्हतंच. दोन महिन्यांत होईल म्हणाले ते मी फुशारकीत बोलले. आत्ता इस्पितळात चला."

"आणि ती बशी? माझ्या डोळ्यांनी बघितली मी."

"बशीत चालतं ते पायात चालेलच असं नाही."

"का नाही? जंतू तेच ना?"

मी बोलत राहिले. कणांची मात्रा, रक्तपुरवठा, चाचण्यांचे टप्पे. नानांचा चेहरा दगड. इतकी वर्षं शिकवून हातात आलेली सगळी हत्यारं त्या दिवशी बोथट. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्हाला तुमच्याच विद्येची खात्री नाही. मला आहे. बाटली द्या."

तेव्हा सलीमभाईंनी फ्रिजमधून एक बशी आणली. झाकण चिकटवलेलं, वर त्यांच्या हातचं 'स. भा.'

"नाना, हे बघा. मॅडम फेकायला बशा द्यायच्या ना, त्यात मी पण आपला गुपचूप रिसर्च करायचो. हा माझा थेंब." वर्तुळ होतं पाटलीएवढं. माझ्या श्रावणातल्यापेक्षा मोठं.

"हे कसलं?" नानांनी विचारलं.

"संडास धुवायचं फिनाईल."

सलीमभाईंनी बशी नानांच्या पायाशेजारी ठेवली.

"बशीत तर हे मॅडमच्या चांदीपेक्षा भारी आहे," सलीमभाई म्हणाले. "बांधता का पायाला?"

नानांनी बशीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता शिव्या देतील. ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. "चला," म्हणाले, "रिक्षा बोलवा."

एका रिक्षात आम्ही तिघं. मधे नाना, मांडीवर पंचा. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर बोट राहिलं असतं. आता पाय वाचवू या." माझी ओळख कुणी करून दिली नव्हती, तरी त्यांनी बघितलं माझ्याचकडे. निदान मला तसं वाटलं. करंगळी गेली. पाय राहिला.

आठवड्याने भेटायला गेले तर नाना खाटेवर खुशीत. "बाई, ऐकलंत का? सिस्टर सांगत होती, या मलमात चांदी असते! लावलीच की नाही शेवटी?" ते खरं होतं. जखमेच्या काही मलमांत चांदी असते, कधीची. माझ्या चांदीचा तिच्याशी सुतराम संबंध नाही. कितीतरी माणसांनी, कितीतरी वर्षं, बशीनंतरच्या सगळ्या पायऱ्या न गाळता चढून ती तिथवर आणलेली असते. मी पहिलीच पायरी गाळली होती, पानं धुण्याची.

प्रबंध पुन्हा पहिल्यापासून लिहिला. धुतलेली पानं, न धुतलेली पानं, नुसतं पंचामृत, सगळं खरं. आणखी दोन वर्षं गेली. चहाचा कप पुन्हा दुसऱ्या नंबरवर आला, कान तोच तुटलेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "ही चूक तुमच्या लक्षात कशी आली?" मी म्हणाले, "माझ्या नाही आली. मुंग्यांच्या आणि सलीमभाईंच्या." आभारांच्या पानावर सलीमभाईंचं नाव सरांच्या वर आहे. मुंग्यांचंही घालणार होते, सरांनी खोडलं.

पाटी लागली. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेल वाजवून छाती तपासायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ब्रश घेऊन 'डॉ.' रंगवून टाकलं. नात म्हणते, त्या जागी पाटीचा रंग वेगळा दिसतो. दिसू दे.

नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. पूजा मुलगा करतो, प्रदक्षिणा मात्र स्वतः घालतात, "साडेनऊ बोटांनी," असं म्हणतात, कारण डॉक्टरांनी करंगळी पुरती काढली नाही असा त्यांचा दावा आहे. मी कधी मोजायला गेले नाही. माझ्या त्या दोन महिन्यांची आठवण त्यांनी मला एकदाही करून दिलेली नाही. ते दर महाशिवरात्रीला फक्त दोन पुड्या पाठवतात. दोन्हींत बेलाची पानं. वर थरथरत्या अक्षरात एकीवर 'वाहिलेली', दुसरीवर 'न वाहिलेली'. तुलनेसाठी एक कोरा नमुना ठेवायचा असतो, हे मी एकतीस वर्षांत इतक्या थोडक्यात कुणाला सांगू शकले नाही.

सासूबाई गेल्यापासून मी दोन्ही पुड्या घरात घेते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवते, नावं भिंतीकडे करून. मग खुर्ची ओढून बसते आणि मुंग्यांची वाट बघते. अजून एकदाही त्यांची पुडी चुकलेली नाही.